रेवदंड्यात राहिलो पण सँटोरिनीत

गणपती झाल्यावर मी, बायको आणि आई दोन रात्री अलिबागजवळ रेवदंड्याला राहून आलो. हॉटेलचं नाव टाकत नाही, माणसं चांगली आहेत आणि तक्रारी बऱ्याच आहेत. वाडीतल्या जुन्या घराच्या चार खोल्या केल्यात, एका खोलीचे रात्रीचे साडेसहा हजार. जागा मात्र अशी की बास. रेवदंडा गावच पोर्तुगीजांच्या कोटात वसलंय, रस्तासुद्धा तटातनंच आत येतो. १७४० ला किल्ला मराठ्यांकडे आला, आता आत नारळी-पोफळी आणि मधेच चर्चची पडकी भिंत नाहीतर सातखणी बुरूज.

आता अशा ठिकाणी मालकाने काय करावं? चिऱ्याच्या भिंतींना पांढराशुभ्र गिलावा, निळी दारं, पुढे सपाट गच्ची, एकदम ग्रीसचं सँटोरिनी बेट! फोटो बघूनच बायकोने बुक केलं हेही खरंय. पण त्या बेटावर पाऊस पडतो किती आणि इथे चार महिने धो धो, त्यामुळे भिंतींवर कमरेपर्यंत शेवाळ आणि गच्ची गळते म्हणून वर ताडपत्री. ती निळी, म्हणजे मॅचिंग तेवढं झालं. मागची जुनी कौलारू पडवी मात्र कोरडी ठणठणीत.

बेड म्हणजे सिमेंटचा ओटा आणि त्यावर चार बोटं गादी. आई म्हणाली, यावर पापड लाटता येतील. बाथरूममध्ये भारी शॉवर पण बादली नाही, समुद्रावरून आल्यावर पायाची काळी वाळू धुवायची कशात? तिथल्या काकांनी गोठ्यातली बादली आणून दिली बिचाऱ्यांनी. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखा.

पहिल्या रात्री मेनूकार्डावर ग्रीक सॅलड, चीजच्या जागी पनीर, त्यात लाल कांदा. आणि मागे पडवीत अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या, तो जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला गोड कांदा! आईने सरळ स्वयंपाकघर गाठलं, मालकाच्या आईशी गट्टी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे नि नारळाचा रस, दुपारी जिताडा माशाचं कालवण नि तांदळाची भाकरी. असं कालवण मी हॉटेलात कधीच खाल्लं नाहीये. हे मेनूवर का नाही विचारलं तर काकू म्हणाल्या, "अहो मुलगा म्हणतो, हे काय घरचंच." जानेवारीत पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला, या म्हणाल्यात.

संध्याकाळी तटाच्या कडेने किनाऱ्यावर चालत जा, समोर कुंडलिका नदीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. त्या गावात अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात, नौ लिंग म्हणतात तिला, आम्ही साळावच्या पुलावरून जाऊन आलो आणि दोन आज्यांचं भांडण ऐकलं, कळलं काही नाही पण मजा आली.

बुक करताना पुढची फोटोतली खोली घेऊ नका, मागची पडवीला लागून असलेली मागा, तिथे लाकडी पलंग आहे. बादलीचं फोनवरच सांगून ठेवा.