बेट्टासाठीचा ‘उबदार संच’ घेताय? आधी माझं वाचा

मासा, टाकी आणि हीटर असा संच विकणारी ही माणसं कशी फसवतात ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. देखणे फोटो, गोड बोलणं, आगाऊ पैसे, नंतर फोन बंद. मलाही हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच जास्त जळफळाट होतो. मी काही दामदुपटीला भुललो नव्हतो. घरी येणाऱ्या माशाला थंडीत त्रास होऊ नये, एवढ्यासाठी खिशात हात घातला होता.

घेतलं ते असं: एक निळा हाफमून बेट्टा (अर्धचंद्रासारखी पसरणारी शेपटी असलेला, टाकीत पाळायचा छोटा मासा), ‘थेट थायलंडचा, वय ३ महिने’. सोबत ३ लिटरची काचेची टाकी, २५ वॅटचा आपोआप बंद-चालू होणारा हीटर आणि पाणी ‘एका रात्रीत तयार’ करणारे थेंब. ६० टक्के रक्कम आधी, ४० टक्के माल निघताना आणि ‘गरम पॅकिंग’चे वर १५ टक्के. म्हणजे बोललेल्या किमतीचे ११५ टक्के मी भरले, आणि त्यातला एक टक्काही परत आलेला नाही.

३ लिटरबद्दल मी विचारलं होतं, हे आधीच सांगतो, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये शहाणपण सुरू होईल. उत्तर आलं, “साहेब, हा हवेतून श्वास घेतो, भातशेतातल्या डबक्यात राहणारा मासा आहे, याला पाणी लागतंच किती?” अर्धं खरं होतं, म्हणून तर गळी उतरलं. बेट्टा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्यासाठी त्याला कल्ल्यांजवळ वेगळा अवयव असतो. पण त्याची घाण तर पाण्यातच पडते ना? त्यातून अमोनिया होतो आणि तो कल्ले जाळतो. भातखाचरांत पाणी उथळ असलं तरी दूरवर पसरलेलं असतं, वर झाडोरा असतो, हवा उबदार असते. ३ लिटर पाणी रात्रीत गारठतं आणि दुपारी तापतं. २० लिटरच्या खाली उतरू नका, विकणारा कितीही मासेतज्ज्ञ असल्याचा आव आणो.

खोकं उघडलं तर ‘गरम पॅकिंग’ म्हणजे उष्णतेची एक पुडी, तीही बंद प्लास्टिकमध्ये जशीच्या तशी. या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, तिला हवा लागली तरच ती तापते. पिशवी फोडायचेही कष्ट घेतले नव्हते! मासा तळाशी पर मिटून पडलेला. “प्रवासाचा थकवा,” विक्रेता म्हणाला. प्रवास करून आलेला बेट्टा खरोखरच असा पडून राहू शकतो, म्हणून मी गप्प बसलो.

आणि आता तो क्षण. हीटरची पिन लावली आणि लगेच पडद्यावर लाल अक्षरांत २६.० उमटलं. हीटर अजून टेबलावर होता. कोरडा. पाण्यात गेलाच नव्हता. खोलीत हुडहुडी भरेल अशी हवा, आणि हे यंत्र मला २६ दाखवतंय! कुणाचं तापमान मोजत होतं ते? टेबलाचं? मी त्या आकड्याकडे बघितलं आणि मला बरं वाटलं, हे आठवलं की आजही रात्री झोप उडते. पण कित्येक चांगल्या हीटरवरही आधी ठरवून दिलेलं तापमानच दिसतं, तेव्हा माझी समजूत अगदीच अडाणीपणाची नव्हती. तुम्ही असता तर तुम्हीही तेच समजला असता.

काचेचा साधा थर्मामीटर पाण्यात सोडला तेव्हा सोंग उघडं पडलं. पहाटे २०.५, दुपारी ३१, आणि पडद्यावर अखंड २६.०. वीज मोजणाऱ्या मीटरवर २५ ऐवजी ७ वॅट. आत थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटर बंद-चालू करणारा भाग, नव्हताच. असा हीटर खोलीच्या तापमानात चार-पाच अंशांची भर घालत राहतो, थंडीत अपुरा आणि उन्हात जीवघेणा. बेट्टाला २४ ते २८ अंश लागतात आणि त्यातही स्थिर. रोजच्या या हेलकाव्यांत त्याची प्रतिकारशक्ती खचते. टाकीच्या बाहेर चिकटवायच्या पट्टीवरही विसंबू नका, ती काचेचं तापमान सांगते.

थेंबांचं म्हणाल तर रंगीत पाणी. पाणी ‘तयार’ होणं म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजणं, आणि त्याला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. या टाकीत फिल्टरच नव्हता. परांच्या कडा काळवंडल्या, झिजल्या, मग पोट फुगलं, खवले उभे राहिले, आणि मासा गेला. वयाचीही थापच असावी. एवढे भरगच्च पर सहसा ३ महिन्यांत येत नाहीत.

पुढचा तमाशा ऐका. ‘जिवंत पोहोचण्याची हमी’ फक्त पोहोचेपर्यंतची, आणि तो जिवंतच पोहोचला होता, असं विक्रेत्याचं म्हणणं. ज्यांच्यामार्फत विक्री झाली ते म्हणाले, सजीव मालाला परतावा नाही. अहो, हीटर कधीपासून सजीव झाला? तर म्हणे संच एकाच पावतीवर आहे. पैसे ज्यांच्यातून गेले ते म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. तक्रार नोंदवायला गेलो तर समोरच्याने मान वर न करता विचारलं, “मासाच ना?” आणि शेजारचा हसला. ग्राहकांची बाजू घ्यायला जे बसलेत त्यांना विक्रेत्याचा पूर्ण पत्ता हवा. तो माझ्याकडे असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? एकाने मेलेला मासा पुरावा म्हणून जपून ठेवला का, असंही विचारलं. हीटर उघडून बघा, तो मीटरला लावा, मी हातात घेऊन उभा होतो. कुणी हात लावला नाही. मग एक दिवस संदेश आला: तक्रार निकाली. कशी, कुणी, काही नाही. खाली मात्र सेवेला किती तारे द्याल हे विचारलेलं.

तेव्हा पावती टाकी, हीटर आणि मासा यांची वेगवेगळी घ्या. खोकं फोडताना चित्रीकरण करा, पुडीसकट. मासा आणण्याआधी हीटर आठवडाभर नुसत्या पाण्यात चालवा आणि पहाटे-दुपारी थर्मामीटर बघा. लिटरमागे साधारण एक वॅट धरा, खोली फार गार असेल तर थोडं जास्त. पाणी बदलताना आधी हीटर बंद करा. झाकण ठेवा, पण पाण्यावर थोडी मोकळी जागा सोडा, बेट्टाला श्वासासाठी वरची हवाही कोमटच लागते.

तोच फोटो, तीच ३ लिटरची टाकी आता दुसऱ्या नावाने विकायला आहे. मी कळवलं, उत्तर नाही. माझ्याकडच्या हीटरची वायर मी मुळापासून कापली, भंगारातून उचलून कुणी तो लावायला नको.