वादळाची सरकारी मदत: वाटप चोख, मोजणी भाताच्या मापाची

कोकणात वादळ किंवा अवकाळीनंतरची सरकारी मदत आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येते आणि हा भाग खरंच बरा चालतो. रखडतं ते त्याच्या आधी, पंचनाम्यात आणि सातबाऱ्यात.

आपत्ती निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, तेही नुकसान किमान ३३ टक्के असेल तर. म्हणजे आंबा, काजू, नारळ, सुपारीला गुंठ्यामागे सव्वादोनशे. दहा गुंठ्यांच्या वाडीचे (नारळ-सुपारीच्या बागेचे) २,२५० होतात. किमान २,५०० द्यायचा नियम आहे म्हणून तेवढे तरी पदरात पडतात. पडलेले माड कापून वाडी मोकळी करायची मजुरीही त्यात सुटत नाही.

हेक्टरचा हिशेब भातखाचराला ठीक. वाडीत माडांच्या मधे सुपारी, सुपारीवर मिरी, सावलीला जायफळ. जमीन मोजली जाते एकदाच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर राज्याने फळबागांना हेक्टरी ५०,००० केले, तरी छोट्या वाड्यांचं गणित बसेना. मग नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजीच (रोठा सुपारी नव्याने धरायला पाच-सहा वर्षं जातात), पण झाडं मोजायची ही रीत कायम ठेवायला हवी होती.

पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येईपर्यंत बुंधे हलवू नका. वाट मोकळी करायचीच असेल तर आधी लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, फ्रेममध्ये विहीर किंवा गडगा (दगडी कुंपण) येऊ द्या आणि खोडांवर चुन्याने नंबर टाका. आडव्या सुपाऱ्यांच्या ढिगात मोजणी हमखास चुकते. सही करण्याआधी गट नंबर, बाधित क्षेत्र आणि झाडांचा आकडा स्वतः वाचा.

कलमं वीस वर्षांची, पण सातबाऱ्यावर पीकपाहणीत नोंद गवताची, हा इथला नेहमीचा घोळ. वादळानंतर तो निस्तरत नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, हंगामातच करून ठेवावी. सामाईक सातबारा त्याहून चिवट. काका मुंबईत, आत्या सासरी, वर आजोबांचं नाव अजून तसंच. पैसे एकाच्या खात्यावर घ्यायचे तर बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात, ती गणपतीत सगळे गावी असतानाच करून घ्या.

मदतीची यादी लागली की त्यातला विशिष्ट क्रमांक, म्हणजे व्हीके नंबर, घेऊन आपले सरकार केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) करायची. काजू फोडणाऱ्या बायकांचे ठसे टरफलाच्या तेलाने गेलेले असतात, मशीन अंगठा घेतच नाही. डोळ्याचं स्कॅनर असलेलं केंद्र गाठावं. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ही पायरी माफ झाली आहे, हा मोठाच दिलासा.

पैसे ज्या पासबुकाची झेरॉक्स दिली तिथे येतीलच असं नाही. आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात येतात. जमा दिसले नाहीत तर आधी ते जुनं, विसरलेलं खातं तपासा, मगच तहसीलला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आंबा-काजूचा फळपीक विमा वेगळा: तो हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरतो, त्यामुळे तिथे हा पंचनामा दाखवून उपयोग नाही.