मर्क्युरी आठ महिने वापरल्यावर (मोरचुदातला सल्फेट नक्की बसतो कुठे)

एमएस्सीला नाशकात आलो तेव्हा सिनियर म्हणाला क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे स्फटिकात अणू कसे बसलेत ते, बघायला मर्क्युरी हे सॉफ्टवेअर टाक, फुकट व्हर्जनवर भागतं. टाकलं. आठ महिने झाले म्हणून लिहितोय.

पहिली फाइल उघडली कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेटची, म्हणजे मोरचुदाची (एका कॉपर सल्फेटमागे पाच पाणी), कारण घर निफाडचं, द्राक्षबाग, बोर्डो फवारणीसाठी त्याची गोणी पडवीत कायम. डोक्यात पक्कं की कॉपरला पाणी चिकटलेलं आणि सल्फेट आपला बाहेर सुटा. बघतो तर कॉपरला दोनच पाणी अन् सल्फेटचा एक ऑक्सिजन, बाकी गायब, वाटलं फाइलच गंडलीये, अर्धा दिवस त्यातच गेला. मग कळलं असिमेट्रिक युनिटवर (स्ट्रक्चरचा न उलटता दाखवलेला तेवढाच तुकडा) टिक राहिलीये आणि कॉपर बसलाय सिमेट्री सेंटरवर, त्याच्या एका बाजूचं उलटून दुसरी बाजू होते, म्हणजे अर्धंच दिसणार ना! टिक काढून पॅकिंग (शेजारचे तुकडेही दाखवायची सोय) लावलं तर चार पाणी एका प्लेनमध्ये १.९५ अँगस्ट्रॉमच्या आसपास, वर-खाली सल्फेटचे ऑक्सिजन लांब, २.४ वर, आणि तोच सल्फेट पुढच्या कॉपरचा हात धरून साखळी करतो. पाचवं पाणी कॉपरला शिवतही नाही, नुसतं हायड्रोजन बाँडवर लटकलंय.

एक सांगतो, चित्रात दोन अणूंमध्ये काडी दिसली नाही म्हणजे बाँड नाही असं समजू नका. काड्या अंतरावरून काढतात, लांबच्या बाँडला येईलच असं नाही, स्वतः मोजा. आणि जुन्या एक्स-रे फाइलमध्ये हायड्रोजनच नसतात. बीव्हर्स आणि लिप्सन या शास्त्रज्ञांनी मोरचुदाचं स्ट्रक्चर एक्स-रेने १९३४ ला सोडवलं पण पाण्याचे हायड्रोजन न्यूट्रॉनने सापडायला १९६२ उजाडलं. हायड्रोजन बाँड बघायचे तर न्यूट्रॉनवाली फाइल घ्या.

प्रोजेक्टला खरा उपयोग झाला तो कोबाल्टच्या चिलेट सल्फेटला. एकाच सल्फेटचे दोन ऑक्सिजन एकाच कोबाल्टला, कोबाल्टपाशी कोन ९० अंश पाहिजे तिथं ७० च्या आसपास, सल्फेट पार आवळलेला. आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) सुट्या सल्फेटचा ११०० सेमी⁻¹ जवळचा एकच रुंद पट्टा इथं तीन का होतो हे पुस्तकात पाठ केलेलं, चित्र फिरवून बघितल्यावर कुठं डोक्यात शिरलं.

मोठं पॅकिंग लावलं की लॅपटॉपचा पंखा बोंबलतो, पण तो लॅपटॉपच म्हातारा झालाय.

दिवाळीत अण्णांना दाखवलं. म्हटलं वजनात ३६ टक्के पाणी, ५० किलोच्या गोणीत १८ किलो. म्हणाले, मग त्या दुकानदाराला सांग ना, पाण्याचे पैसे कापून घे.