नागपूरच्या इतवारीतल्या पंसाऱ्याने (जडीबुटीवाल्याने) मला अश्वगंधा दिली नाही, म्हणून पाचपैकी चार गुण

माहेरपासून चितार ओळीतलीच, म्हणजे नागपुरातल्या मूर्तिकारांच्या वस्तीतलीच मी. आमच्याकडे मूर्ती घडवतात पुरुष, पण डोळ्यांची आखणी माझ्याकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की तीन-चार दिवसांत गणेश चतुर्थी, आणि तोवर दीडशे जोड डोळे उघडायचे असतात. यंदा रात्री तीनला झोप उडायची ती उडायचीच, आणि सकाळी बाहुली काढताना ब्रश थरथरायचा. बाहुली सुताभर सरकली की बाप्पा तिरळा दिसतो. गिऱ्हाईक ते बरोबर पाहतं.

भाचीच्या सांगण्यावरून आधी एका चकाचक दुकानातून ‘कलाकारांसाठी तणावमुक्ती’ असं लिहिलेला डबा घेतला. 1,850 रुपये. आत अश्वगंधाच्या कॅप्सूल, लव्हेंडरचा फवारा आणि मेणबत्ती. मेणबत्ती छान जळते, लाइट गेले की कामी येते. पण थायरॉइडची गोळी चालू आहे का, हे तिथे कोणी विचारलं नाही.

इतवारीतल्या जुन्या पंसाऱ्याने पहिला प्रश्न तोच केला. “ताई, गोळ्या कोणत्या चालू आहे तुमच्या?” सांगितलं तर त्यांनी बरणीचं झाकण परत लावलं. “मंग डॉक्टरले विचारल्याबिगर अश्वगंधा नाही देत मी.” अश्वगंधेने थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वर जाऊ शकतं, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. हातातलं गिऱ्हाईक सोडणारा दुकानदार पाहून मी तिथेच स्टुलावर बसले.

ब्राह्मी मागितली तर त्यांनी दोन पुड्या उघडल्या. जाडसर, बारक्या पानांची ती नीरब्राह्मी. गोल, बेडकाच्या पायासारख्या पानाची ती मंडूकपर्णी, आपल्याकडे पुष्कळदा हीच ब्राह्मी म्हणून विकली जाते. चरकाच्या चार मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धीला बळ देणाऱ्या औषधांत, नाव मंडूकपर्णीचं आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. जटामांसी मात्र महाग. हिमालयातून येते, तिकडेही कमी होत चाललीय, आणि तिच्या नावाखाली तगर खपवतात म्हणे. मी नाही घेतली.

घेतलं ते ब्राह्मीचं तेल आणि काशाची वाटी. तेल ते मागच्या अंगणात स्वतः कढवतात: एक भाग कल्क (वाटलेली ओली वनस्पती), चार भाग तीळतेल, सोळा भाग पाणी. झालं की नाही ते वात भिजवून पेटवून पाहतात. तडतडली तर पाणी शिल्लक. रात्री पायांना तेल लावून वाटी घासायची. तळवे काळे झाले तर घाबरले मी, तर पंसारी म्हणे, “काशात तांबं असते, तेल-घामानं काळं होते. विष-बिष काही नाही निघत.” हेच काळं दाखवून पैसे उकळणारे गावात कमी नाहीत.

झोप? चौथ्या-पाचव्या रात्रीपासून साडेचार-पाचपर्यंत लागायला लागली. तेलानं की अर्धा तास ब्रश खाली ठेवला म्हणून, देव जाणे.

एक गुण कापला तो तेलाच्या बाटलीसाठी. बूच सैल आहे, पिशवीत सांडतं. आणि आखणीवाल्यांनो, हे तेल काम आटोपल्यावरच लावा. मी एकदा दुपारी लावलं, बोटाचा ठसा एका मूर्तीच्या गालावर उमटला आणि तिथे रंगच धरेना. घासून, पुन्हा अस्तर देऊन एक अख्खी दुपार गेली. आता सकाळी आधी बेसनाने हात धुते. शाडूने हातांना पडलेल्या भेगाही त्या तेलाने बऱ्याच भरल्या, ते मागितलं नव्हतं.

गाडी घेऊन जाऊ नका, इतवारीत लावायला जागा नाही. मेट्रोने चितार ओळ चौकाला उतरा आणि पायी जा. वाटी 640 रुपयांना पडली, तेल 220 ला. सुट्टे पैसे ठेवा.