सी-९१९ : विमान दमदार, बाजारपेठ मात्र अजून चीनपुरती

कोकणातली पुष्कळ मुले जहाजांवर नोकरीला आहेत, आणि जहाज चीनमध्ये ड्राय डॉकला, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, गेले की त्यांना तिथे एका शहरातून दुसऱ्या शहरात विमानाने जावे लागते. त्यांच्या तिकिटांवर आता सी-९१९ या चिनी बनावटीच्या विमानाचे नाव दिसू लागले आहे. ‘त्यात बसायला हरकत नाही ना?’ असे वेंगुर्ले-मालवणकडचे आईवडील मला विचारतात. मी स्वतः जहाजावर इंजिनिअर आहे आणि ग्वांगझूहून शांघायला चायना सदर्नच्या सी-९१९ ने प्रवास केलेला आहे. म्हणून प्रवासी या नात्याने विमान कसे वाटले हे सांगतोच. पण यंत्रांशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न, म्हणजे हे विमान चीनबाहेर विकले जाईल का, याबद्दलही सविस्तर लिहितो.

आत शिरताना मी दाराच्या चौकटीपाशी मुद्दाम क्षणभर रेंगाळलो. दाराभोवतीची फट सगळीकडे सारखी होती, रिव्हेटांच्या रांगा पत्र्याशी अगदी सपाट बसलेल्या होत्या आणि रबरी सीलची कडा कुठेही उचललेली नव्हती. घाईने उरकलेले काम अशा ठिकाणी लपत नाही, आणि इथे तशी घाई दिसली नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने आहेत, आणि केबिनची आतली रुंदी सुमारे ३.९ मीटर, म्हणजे एअरबस ए-३२० पेक्षा थोडी जास्त असल्यामुळे खांद्याला खांदा घासत नाही. मधले आसन कडेच्या आसनांपेक्षा किंचित रुंद ठेवले आहे. ज्याला नेहमी मधले आसन वाट्याला येते त्याला या दीड सेंटीमीटरचे मोल कळेल. उड्डाण करतानाचा आवाज आणि कंप ए-३२० निओइतकाच वाटला. त्यात आश्चर्य नाही, कारण ए-३२० च्या या नव्या आवृत्तीतल्या बऱ्याच विमानांची इंजिने आणि याची इंजिने एकाच घराण्यातली आहेत. या विमानाला चीनच्या नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रमाणपत्र दिले आणि २८ मे २०२३ रोजी ते शांघाय-बीजिंग मार्गावर प्रवासी घेऊन पहिल्यांदा उडाले. तिकीट निघाले असेल तर मुलांनी निःशंकपणे बसावे, असेच मी त्या आईवडिलांना सांगतो.

विमानाची खरी अडचण त्याच्या पोटात आहे. सांगाडा शांघायच्या कोमॅक कंपनीचा असला, तरी लीप-१सी इंजिन अमेरिकेच्या जीई आणि फ्रान्सच्या साफ्रान यांच्या भागीदारीतून येते; चाके, ब्रेक आणि सहायक वीजयंत्र अमेरिकेच्या हनीवेलचे आहे, तर उतरण्याच्या चाकांची यंत्रणा जर्मन लीबहेर आणि तिच्या चिनी भागीदाराची. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने व्यापारी वादाच्या भरात इंजिनांची निर्यात थांबवली आणि जुलैमध्ये ती पुन्हा सुरू केली. बंदी थोडक्यात आटोपली, पण ज्या विमान कंपनीला वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडून विमान घ्यायचे असते, तिच्यासाठी एवढी एक घटना पुरेशी बोलकी आहे. सीजे-१०००ए या नावाचे स्वदेशी इंजिन तयार करण्याचे काम चीनमध्ये चालू आहे. तथापि नवे इंजिन प्रमाणित करून ते हजारो तास विश्वासाने चालवून दाखवणे हे काही वर्षांचे काम असते.

मागणीला तोटा नाही. चायना ईस्टर्नने २०२३ मध्ये, तर एअर चायना आणि चायना सदर्नने २०२४ मध्ये प्रत्येकी १०० विमानांची मागणी नोंदवली. पण या तिन्ही सरकारी कंपन्या आहेत, आणि घरच्या ग्राहकाने दिलेल्या मागणीवरून परक्या बाजारातली पत ठरत नाही. उत्पादनाचा वेगही अजून फार कमी आहे. २०२४ मध्ये एअरबसने ए-३२० कुळातली ६०२ विमाने ग्राहकांच्या हाती दिली, तर त्याच वर्षी सी-९१९ ची संख्या डझनाच्या आसपास राहिली. पल्ल्यातही फरक आहे. सी-९१९ ची लांब पल्ल्याची आवृत्ती सुमारे ५,५५५ किलोमीटर जाते आणि ए-३२० निओ त्याहून पुढे जाते. युरोपच्या नियामक संस्थेच्या प्रमुखांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की त्यांच्याकडून प्रमाणपत्र मिळायला तीन ते सहा वर्षे लागतील. ते मिळेपर्यंत युरोपातले मार्ग बंद आहेत, आणि अन्य अनेक देशांचे नियामकही त्याच शिक्क्याकडे डोळे लावून असतात.

प्रमाणपत्र मिळाले तरी माझी शंका फिटणार नाही, कारण माझ्या मते विमान विकले जाते ते सुट्या भागांच्या भरवशावर. जहाजावर एका पंपाचे सील वेळेत मिळाले नाही तर कोट्यवधींचे जहाज बंदराबाहेर नांगर टाकून बसते. विमानाचेही तसेच आहे, फक्त त्याला नांगर टाकून वाट पाहणे परवडत नाही. मेक्सिकोच्या इंटरजेटने रशियाची सुखोई सुपरजेट विमाने मोठ्या उत्साहाने घेतली आणि पुढे सुटे भाग मिळेनात म्हणून एका विमानाचे भाग काढून दुसरे उडवण्याची वेळ तिच्यावर आली. आपल्या शेजारी नेपाळ एअरलाइन्सने चीनकडून घेतलेली एमए-६० आणि वाय-१२ विमाने २०२० मध्ये उडवणेच बंद केले. ती विमाने कोमॅकची नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण परदेशी ग्राहकाला कोठारात भाग कोण ठेवणार आणि रात्री-अपरात्री तंत्रज्ञ कोण पाठवणार, या प्रश्नाचे उत्तर कोमॅकलाही द्यावेच लागेल. एअरबसचे हे जाळे काही दशकांत विणलेले आहे, आणि किंमत कमी केल्याने ते विकत मिळत नाही.

म्हणून कोमॅकचे धाकटे विमान सी-९०९ मला बाजाराच्या दृष्टीने अधिक लक्षवेधी वाटते. पूर्वी एआरजे-२१ या नावाने ओळखले जाणारे हे ७८ ते ९० आसनांचे विमान २०१६ पासून प्रवासी नेत आहे. इंडोनेशियाच्या ट्रान्सनुसाने ते २०२२ च्या अखेरीस ताफ्यात घेतले, नंतर लाओसने घेतले, आणि व्हिएतनामच्या व्हिएतजेटने भाड्याने घेऊन कोन दाओ बेटावरच्या आखूड धावपट्टीवर उतरवले. परदेशातला अनुभव कोमॅकला याच विमानातून मिळतो आहे, आणि सी-९१९ साठी सेवेचे जाळे उभे राहायचे तर ते आधी या विमानाच्या मागे उभे राहील.

आपल्याकडचा विचारही मी याच आकाराच्या विमानापाशी करतो. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी २,५०० मीटरची आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथून मुंबईची सेवा एटीआर-७२ या पंख्याच्या विमानाने सुरू झाली आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासच्या त्या अंतरासाठी इंधनाच्या दृष्टीने तेच योग्य होते. दिल्लीसारख्या चौदाशे किलोमीटरवरच्या शहरासाठी मात्र एटीआर संथ पडते आणि १८० आसनांचे ए-३२० बारमाही भरणे कठीण जाते. ही मधली जागा ८०-९० आसनांच्या जेट विमानाची आहे. परंतु भारतात ती भरून काढायला सी-९०९ येण्याची चिन्हे नाहीत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ऑक्टोबर २०२५ मध्ये करार केला तो रशियाच्या एसजे-१०० साठी, म्हणजे वर सांगितलेल्या सुपरजेटच्याच नव्या आवृत्तीसाठी, आणि सुट्या भागांचा प्रश्न तिथेही पहिल्या दिवसापासून विचारावा लागेल. स्टार एअर ही भारतीय कंपनी ब्राझीलची ७६ आसनांची एम्ब्राएर जेट विमाने देशात आजच चालवते आहे. चिपीहून दिल्लीची सेवा सुरू करायची झाली, तर मी तूर्त एम्ब्राएरच मागेन.