शेत खरं, फोटो खरे, नंबर खोटा: हुरडा पार्टीच्या बुकिंगमध्ये गेलेले ११,६५० रुपये

हुरड्याची बुकिंगं आता जोरात सुरू होतील, म्हणून आत्ताच लिहून टाकते. आमचे ११,६५० रुपये गेले. रक्कम ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठी काय लिहायचं? पण "रिव्ह्यू वाचा, फोटो बघा, जागा खरी आहे का ते तपासा" असं जे सगळे सांगतात, ते आम्ही केलं होतं. आणि ते सगळं खरंच निघालं. शेत खरं, शेतकरी खरा, फोटो खरे, रिव्ह्यू लिहिणारी माणसं खरी. नकाशाच्या ॲपवर त्या जागेच्या नावाखाली दिसणारा फोन नंबर तेवढा दुसऱ्याच कुणाचा होता.

दिवाळीला नणंद मुलाबाळांसह आली होती, दीर-जाऊ पुण्यातच. मोठी नऊ, मुलं चार. मुलांनी ज्वारी फक्त भाकरीच्या रूपात पाहिलेली, तेव्हा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी हुरड्याला जाऊ असं ठरलं. सासूबाई मंगळवेढ्याच्या. ज्वारीचं कोठार म्हणतात ते मंगळवेढं. त्या एवढंच म्हणाल्या, "कार्तिकात कसला गं हुरडा? संक्रांतीच्या आसपास असतो." त्यावर सगळ्यांनी मिळून त्यांना समजावलं की आई, आता सगळं वर्षभर मिळतं, आंबासुद्धा मिळतो. त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं काय असतं ते घरातल्यांना माहीत आहे.

शोधायला लागल्यावर बहुतेक कृषी पर्यटन केंद्रं "डिसेंबरपासून" म्हणत होती. सोलापूर रस्त्याला, यवतच्या पुढे आत वळून असलेलं एक केंद्र मात्र "हो, चालू आहे, या की" म्हणालं. नंबर नकाशावरचाच. व्हॉट्सॲपवर लगेच मेनूकार्ड आलं: हुरडा अनलिमिटेड, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, गूळ, दही, रेवड्या, दुपारी पिठलं-भाकरी, ठेचा, मठ्ठा, शिवाय बैलगाडी, ट्रॅक्टरची फेरी, झोके. मोठ्यांना ८५०, मुलांना ५००. बोलणारा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता आणि अतिशय अदबशीर होता. "ज्येष्ठ नागरिक किती आहेत? खाली बसता येत नसेल तर खुर्च्या ठेवतो. कुणाचा उपास आहे का?" खऱ्या मालकांनी असं कधी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. ते "या या, बघू" म्हणतात आणि फोन ठेवतात.

एकूण ९,६५० झाले. निम्मे ॲडव्हान्स म्हणून ४,८२५ पाठवले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं तर म्हणाला, "भावाचं खातं आहे मॅडम, सीझनमध्ये आमच्या खात्याची लिमिट संपते." लगेच पीडीएफ पावती आली, वर केंद्राचं नाव, खाली जीएसटी नंबर. शनिवारी संध्याकाळी पुन्हा फोन: उद्या फुल्ल आहे, ज्यांचे पूर्ण पैसे आलेत त्यांचीच बुकिंगं धरतोय, शिवाय गाडी आणि साहित्याचं २,००० डिपॉझिट, ते निघताना परत मिळेल. माझ्या नवऱ्याने उरलेले ४,८२५ आणि वर २,००० असे दोन व्यवहारांत पाठवले. घरात तेरा माणसांचं जायचं ठरलेलं, मुलांनी बॅगा भरून ठेवलेल्या. शनिवारी संध्याकाळी नाही म्हणायची कुणाची छाती होती? ती वेळ त्यानेही बरोबर हेरली होती.

रविवारी पोचलो तर फाटक बंद. बाहेर आधीच एक गाडी उभी, चिंचवडहून आलेलं कुटुंब, त्यांच्या हातातही तसलीच पावती. आतून कुत्रं भुंकायला लागलं आणि मागून मालक आले, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. आमच्याकडे बघून त्यांनी आधी कपाळालाच हात लावला. "तुम्ही बी हुरड्यालाच आलाय का?"

चिंचवडचे गृहस्थ तावातावाने पावती दाखवायला लागले. मालकांनी ऐकून घेतलं, मग काही न बोलता बांधावरून रानात उतरले, ज्वारीचं एक ताट उपटलं आणि आमच्यासमोर उभं राहून शेंड्याचं पान नखाने चिरलं. पानाच्या पुंगळीत गुंडाळलेलं, ओलसर, पांढुरकं असं कोवळं कणीस निघालं. दाणा नावालाही नाही. "ज्वारी अजून पोटरीत हाय ताई. निसवायची हाय, फुलायची हाय, मग दाण्यात दूध भरणार. हुरडा काय खिशातनं काढून देऊ?"

सासूबाईंनी ते ताट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. बोलल्या काही नाहीत.

रब्बीची ज्वारी पेरली जाते सप्टेंबर-ऑक्टोबरात. दाणा चिकात येऊन हुरड्याला लागायला तिथून तीन महिने तरी जातात. म्हणजे त्या भागात डिसेंबरचा उत्तरार्ध उजाडतो. एखाद्याने हुरड्याचं वाण मुद्दाम लवकर पेरलं असेल तर गोष्ट वेगळी, पण खरी केंद्रं एकजात "डिसेंबरपासून" का म्हणत होती ते फाटकासमोर उभं राहिल्यावर कळलं. फसवणाऱ्याला याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. उलट ज्या दिवसांत बाकीचे नाही म्हणतात, त्याच दिवसांत त्याचं दुकान चालतं.

मालकांचं म्हणणं ऐकून मला आमच्यापेक्षा त्यांचीच जास्त कणव आली. नकाशावर जागेची माहिती बदलायची सूचना कुणीही पाठवू शकतं, आणि ती नोंद मालकाने स्वतःच्या नावावर करून घेतलेली नसली तर बदल झाल्याचं त्याला कळतही नाही. यांची नोंद कुण्या पाहुण्यानेच कधीतरी करून ठेवलेली. नंबर बदलल्याचं समजलं तेच मुळी आदल्या रविवारी दारात भांडायला आलेल्या लोकांकडून. मालकांच्या मुलाने तो दुरुस्त केला, चार दिवसांत पुन्हा बदलला. वर एकाने रागाच्या भरात एक तारा देऊन "हे लोक चोर आहेत" असं लिहूनही टाकलेलं. म्हणजे पैसे तिसऱ्याने खाल्ले आणि बदनामी यांची.

त्यांनी चहा पाजला, झाडाचे पेरू दिले, पैसे घ्यायला तयार नव्हते. मुलांना खऱ्या बैलांच्या गाडीत बसवून विहिरीपर्यंत नेऊन आणलं. तेवढ्यावर मुलं खूश. मोठी माणसं मात्र एकमेकांचे डोळे चुकवत होती.

नाट्याचा दुसरा अंक पुढे हायवेवर मिसळ खाताना झाला. खरं तर हा भाग पहिल्यापेक्षा जास्त लक्षपूर्वक वाचा. आम्ही त्या नंबरवर चिडून मेसेज टाकले होते. फोन उचलणार नाही असं वाटलं होतं, तर त्याचाच आला. तोच अदबशीर आवाज. "सॉरी मॅडम, स्टाफकडून दुसऱ्या ब्रँचचं लोकेशन गेलं. पूर्ण रिफंड देतो." आणि क्यूआर पाठवला, त्यात रक्कम आधीच भरलेली, ११,६५०. नणंदेच्या यजमानांनी उत्साहाने स्कॅन केला. पिनचा चौकोन आला. तिकडून आवाज: "पिन टाका सर, अकाउंट व्हेरिफाय होईल आणि पैसे उलटे तुमच्याकडे येतील." त्यांनी पहिले दोन आकडे टाकलेही. माझी जाऊ पतसंस्थेत कामाला आहे, तिने पावाचा तुकडा तसाच टाकून त्यांच्या हातातला फोन ओढला. "भाऊजी, पैसे यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही." यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. हे आपल्याला माहीत असतं, पण गेलेले पैसे परत मिळताहेत म्हटल्यावर माणसाची अक्कल मिसळीत बुडते, हे मी समोर पाहिलं.

तिथूनच १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. लागायला वेळ लागला, पण लागला. त्यांनी विचारलं ते असं: कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो ॲपमध्ये व्यवहारावर टिचकी मारली की खाली दिसतो. शोधत बसू नका, आधी काढून ठेवा. तक्रारीचा क्रमांक मेसेजने आला. घरी आल्यावर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर पावती, क्यूआर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. स्क्रीनशॉट आधीच काढले होते हे बरं झालं, कारण रात्रीपर्यंत त्याने पाठवलेलं बरंचसं "हा मेसेज डिलीट केला आहे" झालं होतं.

या खटाटोपातून निघालं काय, तर शेवटचे २,००० त्या खात्यात अडकवून ठेवता आले. बाकीची रक्कम आधीच पुढच्या खात्यांत सरकलेली. अडकलेले पैसेही अजून आमच्या हातात आलेले नाहीत. बँकेने हात वर केले, आणि नियमाच्या भाषेत त्यांचं चुकतही नाही: रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे भरपाईचे नियम आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी केलेले. इथे पिन आपणच टाकलेला. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत दिली. "दोन-चार हजारांचे असे प्रकार भरपूर होतात, पण लोक तक्रारच करत नाहीत," असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. फसवणाऱ्याला तरी दुसरं काय हवं असणार?

घरी निवांत बसून सगळं उलगडून पाहिलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या, त्या मुद्दाम सांगते. पहिली, त्या पावतीवरचा जीएसटी नंबर. हा नंबर पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. आमच्या पावतीवर ०७ होते, म्हणजे दिल्ली, आणि मोजले तर एकूण भरले चौदाच. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करताही नंबर टाकून नाव बघता येतं, हेही जावेनेच दाखवलं.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी. नकाशावरच्या त्या पानावर पाहुण्यांनी टाकलेल्या जुन्या फोटोंमध्ये फाटकाचा एक फोटो आहे. मुलं फाटकावर चढून बसली आहेत, मागे पाटी, आणि पाटीवर पांढऱ्या रंगाने मोबाइल नंबर रंगवलेला. खरा. मोठा करून पाहिला तर दहाही आकडे वाचता येतात. नकाशातला नंबर कुणीही बदलेल, पण तीन वर्षांपूर्वी कुण्या पाहुण्याने काढलेल्या फोटोतली पाटी बदलायला कोण जातो? तेव्हा फोटो बघायचे ते झोके आणि भाकऱ्यांसाठी बघू नका, पाटीसाठी बघा.

मालकांनी स्वतःचा उपायही सांगितला होता. "व्हिडिओ कॉल करा, मला रानात उभं करा, कणीस दाखवा म्हणा. जो खरा हाय तो चिखलात उतरंल." राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्यानुसार केंद्रांची नोंद पर्यटन संचालनालयाकडे होते आणि प्रमाणपत्र मिळतं, ते मागायला लाजू नका. आणि शक्य असेल तिथे पैसे पोचल्यावरच द्या. याच मालकांनी आम्हाला जानेवारीत बोलावलंय, ॲडव्हान्स म्हणून काय द्यायचं विचारलं तर म्हणाले, "कितीजणं येताय तेवढं आदल्या दिवशी सांगा, पीठ दळायचं असतं."

त्या खोट्या नंबरवर अधूनमधून लक्ष ठेवून असते. परवा पाहिलं तर डीपी बदललाय. ज्वारीच्या कणसांच्या जागी आता लालचुटूक स्ट्रॉबेरीची टोपली आणि कुठल्याशा फार्मचं नाव. तो फोटो पोर्टलवरच्या तक्रारीला जोडलाय, नंबर रिपोर्टही केलाय. महाबळेश्वर-पाचगणीकडे निघालेल्यांनी बुकिंगचा नंबर आधी पाटीशी ताडून घ्यावा.