कॅनन लाइड 300 स्कॅनर : संदुकीतल्या फोटोंसाठी चांगला, भिंतीवरच्यांसाठी नाही

2023 पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने मराठवाड्यात घरोघरच्या संदुका उघडल्या. खासरा (जमिनीची जुनी नोंद), जन्म-मृत्यूच्या नकला, उर्दूतले निजामकालीन कागद शोधता शोधता आजा-पणज्यांचे फोटोही वर आले. ते मोबाईलने टिपून ग्रुपवर टाकले की काम झालं असं वाटतं. पण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, आणि पुढच्या पिढीच्या हाती तीच पुसट प्रत उरते. म्हणून स्कॅनर.

लाइड 300 हा ए-फोर आकाराचा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर फोटो पालथा ठेवून घ्यायचा स्कॅनर, साधारण पाच-सहा हजारांत मिळणारा. त्याला वेगळी वीज लागत नाही, लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो. लाईट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात हा गुण खोक्यावर छापलेल्या 2400 डीपीआयपेक्षा (एका इंचात टिपले जाणारे ठिपके) मोठा. वायर मात्र थेट लॅपटॉपला जोडा. स्वस्तातल्या यूएसबी हबमधून (एका यूएसबीची अनेक करणारी डबी) पुरेसा करंट मिळत नाही आणि स्कॅन मध्येच अडकतो. नुसत्या मोबाईलवर काम भागत नाही, लॅपटॉप हवाच.

2400 च्या मोहात पडू नका. डीपीआय दुप्पट केला की फाइल चौपट होते, आणि जुन्या प्रिंटमध्ये मुळात तेवढा तपशील नसतो. 4 बाय 6 इंची फोटो 600 डीपीआयला रंगीत टिफमध्ये (तपशील न गाळता साठवणारी फाइल) घेतला की 26 एमबीच्या आसपास जातो, एवढं पुरे. पासपोर्ट आकाराचा किंवा ग्रुप फोटोतला चिमुकला चेहरा मोठा करायचा असेल तरच 1200. कागदपत्रांना 300 चालतं. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करा. पिवळेपणा आणि डाग रंगात वेगळे ओळखू येतात, त्यामुळे नंतर काढणं सोपं जातं. ग्रेस्केलमध्ये घेतलं की डाग आणि चेहरा एकाच राखाडीत मिसळतात.

सॉफ्टवेअरचं ‘ऑटो’ बटण या कामाला निरुपयोगी आहे. पांढऱ्या काठाचा फोटो आणि पांढरं झाकण यांतला फरक त्याला कळत नाही, मग कातरलेली नक्षीदार कड सरळ छाटली जाते. फोटोमागे काळा कार्डपेपर ठेवा, काचेच्या कडेपासून आणि दोन फोटोंमध्ये एकेक सेंटीमीटर जागा सोडा, आणि आकार स्वतः आखा. धूळ-ओरखडे घालवणं, उडालेले रंग परत आणणं हे पर्याय मूळ प्रतीसाठी बंदच ठेवा. धूळ काढायच्या नादात यंत्र नाकातली चमकीही पुसून टाकू शकतं. सुधारणा करायची ती नकलेवर.

खरी मर्यादा सेन्सरची. आत सीआयएस जातीचा, काचेला लागूनच वाचणारा सेन्सर आहे. काचेला टेकलेलं त्याला लख्ख दिसतं, दोन-तीन मिलिमीटर वर असलं की धूसर. त्यामुळे जाड वहीचा शिवणीजवळचा भाग वाचता येत नाही आणि गुंडाळी झालेला फोटो जिथे काचेला टेकतो तिथेच तेवढा स्पष्ट येतो. अशा फोटोवर झाकण दाबून बसू नका. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर आकसून ठिसूळ होतो, दाबला की तडकतो. असे फोटो पाऊस लागल्यावर, हवेत दमटपणा आला की, दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या आणि आठवडाभर थांबा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नका. दात साफ करायचा फ्लॉस किंवा बारीक दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा.

आणि आपल्याकडे घरातला सगळ्यात जुना फोटो बहुधा संदुकीत नसतोच. तो ओसरीच्या भिंतीवर, हाराखाली असतो. माळवदाच्या घरात पावसाची ओल फ्रेममध्ये उतरते आणि फोटो काचेला चिकटतो. फ्रेम तिरकी धरून बघा: जिथे ओल्यासारखी गडद, चकाकती चकंदळं दिसतात तिथे तो चिकटलाय. मागचे खिळे काढून ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि कोरा कागद हातात येईल. असा फोटो काचेसकटच टिपायचा, आणि त्यात लाइड 300 चा उपयोग शून्य. फ्रेम सावलीत उभी करा. काचेवरचा कुंकवाचा टिळा आणि उदबत्तीचा धूर किंचित ओलसर फडक्याने पुसा. काचेवर पाणी फवारलं तर ते कडेने आत जातं. मोबाईल फ्रेमला समांतर धरा, फ्लॅश बंद, तुमच्या पाठीमागे काळी चादर टांगा म्हणजे काचेत मागच्या उजेडाचं प्रतिबिंब येणार नाही. गूगलचं मोफत फोटोस्कॅन ॲप चार कोपऱ्यांवरून टिपून चकाकी घालवतं. पाहायला छान, पण जपायची प्रत म्हणून साधा कॅमेराच बरा.

प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, पेन्सिलीतली तारीख तिथेच असते. फाइलला नाव देताना साल, गाव, व्यक्ती, क्रमांक हा क्रम ठेवा, आणि बायकांचं माहेरचं नाव सासरच्या नावासोबत लिहाच. लग्नात नाव बदललेली आजी माहेरच्या फोटोत दुसऱ्याच नावाने सापडते आणि तिथेच वंशावळ तुटते.

साल नक्की कोणाला आठवत नाही. तेव्हा ‘कधीचा फोटो?’ असं न विचारता ‘पोलीस ॲक्शनच्या आधीचा का? बहात्तरच्या दुष्काळात हे लेकरू केवढं होतं? किल्लारीच्या भूकंपानंतरचं घर का हे?’ असं विचारा. 1948, 1972, 1993 या तीन खुंट्यांवर बहुतेक फोटो बसतात. स्कॅन लॅपटॉपवर मोठा करून दाखवा, शेजारी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा, सुरुवातीला फोटोचा क्रमांक मोठ्याने बोला आणि आवाजाच्या फाइललाही तोच क्रमांक द्या. ग्रुपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. टिफ दोन हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.

निगेटिव्हच्या पट्ट्या असतील तर हा स्कॅनर घेऊ नका. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो, आणि याच्या झाकणात दिवा नाही. त्यासाठी एप्सनच्या व्ही 600 सारखा, झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो, आणि तो बराच महाग आहे. पट्ट्या मोजक्या असतील तर तालुक्याच्या स्टुडिओतून स्कॅन करून घ्या. देताना मोजून द्या, परत घेतानाही मोजून घ्या.